हुनर हा गुन्हा कसा? मालवाहू व्हॅनमधलं घर आणि कलम ५२

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जिथे हॉटेल नाही, बांधकाम करता येत नाही, तिथेही चाकांवरचं घर घेऊन मुक्काम करा, असा त्याचा आशय. केरळनेही त्याच वर्षी असंच धोरण जाहीर केलं. कल्पना चांगली आहे. मला तक्रार नाही.

पण हीच गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकाने करायची ठरवली तर काय होतं ते बघा. मी जुनी मालवाहू व्हॅन विकत घेतली, मोहल्ल्यातल्या मिस्त्रीकडून तिला खिडक्या पाडून घेतल्या, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली आणि रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मी गुन्हेगार ठरतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कंपनीने बनवलेलं चाकांवरचं घर हे पर्यटन आणि मिस्त्रीने बनवलेलं घर हा गुन्हा, असा हा हिशोब आहे. या लेखात मला या हिशोबाशी भांडायचं आहे.

उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला कॅम्परचं खूळ कुठून लागलं, असं काही वाचकांना वाटेल. खुलासा करतो.

आमचं घर सोलापुरात. अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत. गुलबर्ग्याला जायचं, खुलताबादला जायचं, पुण्यात बहिणीकडे जायचं, की त्यांचा पहिला प्रश्न असतो, वाटेत बाथरूमचं काय? ढाब्यावरच्या संडासात त्यांना बसता येत नाही. म्हणून त्या निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करतात. हे फक्त आमच्या घरात होत नाही. तुमच्या घरातल्या बायकांना विचारा, प्रवासात त्या किती तास लघवी दाबून बसतात. ज्यांच्या घरी अपंग मूल आहे, डायलिसिसवरचा माणूस आहे, त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. फोनवर 'रूम आहे, या' असं सांगणाऱ्या लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड ठेवलं आणि नाव वाचल्यावर रूम संपली, हे माझ्या बाबतीत दोनदा घडलंय. रात्री साडेनऊला अम्मी, बायको आणि दोन मुलींना गाडीत बसवून पुढच्या गावापर्यंत जायचं काय असतं, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. त्या लॉजची नावं लिहिण्यात मला रस नाही, कारण प्रश्न त्या दोन लॉजपुरता नाही. आडनाव ऐकून जागा नाकारली जाण्याचा अनुभव माझ्या बौद्ध आणि पारधी मित्रांकडेही आहे.

इस्लामने मुसाफिराला सवलती दिल्या आहेत. चार रकात फर्ज नमाज दोनवर येते, रोजा पुढे ढकलता येतो. सफरमध्ये माणूस अडचणीत असतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. म्हणून तर जुन्या काळी वाटेवर सराया बांधल्या गेल्या, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दिक मुसाफिरखाना उभा राहिला. आजच्या हायवेवर पेट्रोल आहे, पिझ्झा आहे, सराई नाही. मग एखाद्या कुटुंबाने आपली सराई स्वतःसोबत न्यायची ठरवली, तर त्यात चैन कसली? झोपायला स्वच्छ पलंग, वजूला पाणी, म्हाताऱ्या आईला बसता येईल असा कमोड, चहाला एक शेगडी. एवढंच तर मागणं आहे.

आता कायदा बघू. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. उत्पादकाने गाडीचे जे तपशील मुळात दिले आणि जे नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आपल्या आरसी बुकात उतरले, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये वर सांगितलेली शिक्षा आली. मालवाहू म्हणून पासिंग झालेल्या गाडीत खिडक्या, सीट, पलंग बसवले की तिचा वर्ग बदलतो, वजन बदलतं. म्हणजे विसंगती आलीच.

न्यायालयाशी माझं भांडण नाही. न्यायालयाने कायद्याचे शब्द वाचले. भांडण सरकारशी आहे, कारण याच कलम ५२ मध्ये दरवाजे आहेत आणि ते सरकारने आपल्या सोयीने उघडले आहेत. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवता येतं. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करता येतात, हे २०१९ च्या दुरुस्तीत आलं, आणि चांगलं झालं. त्याच दुरुस्तीत असंही लिहिलंय की गाडीतल्या बदलांसाठी केंद्र सरकार मानकं, मंजुरीच्या अटी आणि इतर बाबी नियमांनी ठरवू शकतं. 'मोटार कॅराव्हॅन' हा वाहनांचा वर्गही सरकारी यादीत आहे, त्याचं तांत्रिक मानकही आहे. म्हणजे संसदेत नवा कायदा आणायची गरज नाही. गाडीचा वर्ग आहे, मानक आहे, नियम करायचा अधिकार आहे. फक्त एका गाडीच्या एका मालकाला चालता येईल अशी वाट नाही. आज जी वाट आहे ती चाचणी संस्थेकडून अख्ख्या मॉडेलची मंजुरी घेण्याची आहे, आणि ती कंपन्यांसाठी आखलेली आहे. एक जुनी व्हॅन घेणारा माणूस त्या वाटेने जाऊच शकत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आज उत्तम वेल्डर आणि डेंटर आहे. दहावीला गणितात कसाबसा निघाला, पण पत्र्याचं माप डोळ्यांनी घेतो आणि चुकत नाही. त्याला मी माझा बेत सांगितला. तो हसून म्हणाला, "सर, काम तो मैं कर दूँगा, कागज का क्या करोगे?"

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. काम करणारा आहे, काम येतं, काम हवं असणारा गिऱ्हाईकही दारात उभा आहे. कागद नाही.

'पण सुरक्षेचं काय?' हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकायची माझी इच्छा नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनात यात्रेकरूंच्या उभ्या डब्याला आग लागून नऊ माणसं गेली. डब्यात बेकायदा नेलेला गॅस सिलिंडर होता. चाकांवर स्वयंपाक हा खेळ नाही. म्हणूनच व्हॅनचं घर करताना धोके नेमके कुठे असतात ते नीट बघायला हवं.

पहिला धोका गॅसचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून पूर्ण बंद हवा, त्याचं दार बाहेरून उघडायला हवं आणि त्याच्या तळाशी बाहेर जाणारं भोक हवं. आत शेगडी पेटवताना खिडकी आणि छतावरचा झरोका उघडा हवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

दुसरा विजेचा. घरातला हजार वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. तोच इन्व्हर्टर लावून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला तर बॅटरीतून ऐंशी-नव्वद अँपिअर वाहतात. तिथे घरातली दीड एमएमची वायर वापरली तर ती पेटणारच. वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट वीज मावते. छतावर दोनशे वॅटचं सोलर पॅनल टाकलं तर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण पाऊण युनिट मिळते. दिवे, पंखा, छोटा फ्रिज, मोबाइल एवढं त्यात निघतं. एसी आणि इंडक्शनची हौस त्यात भागत नाही, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगायला हवं.

तिसरा वजनाचा. अठरा एमएमच्या आठ बाय चारच्या एका प्लायचं वजन तीस किलोच्या वर भरतं. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. सुतार घरच्या कपाटासारखं काम करायला लागला तर गाडी उभ्या-उभ्या भारमान ओलांडते. आरसी बुकात एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. काम झाल्यावर टाक्या भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर चढवली की खरं-खोटं कळतं. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात, नाहीतर वळणावर गाडी झुकते.

चौथा सांगाड्याचा. खिडकी पाडताना नुसता पत्रा कापायचा असतो, पत्र्यामागच्या पट्ट्या आणि खांब कापायचे नसतात. आणि चालत्या गाडीत माणूस पलंगावर झोपलेला चालणार नाही. जितक्या सीट सांगाड्याला पक्क्या बोल्ट केलेल्या आणि बेल्टवाल्या, तितकीच माणसं.

राहिला उकाडा. व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा, आणि सोलापूरचा मे महिना. पत्रा आणि आतल्या प्लायच्या मध्ये पाणी न शोषणारा फोम भरला नाही तर आत भट्टी होते. हिवाळ्यात उलटं. माणसांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून छतात हवा बाहेर टाकणारा पंखा लागतोच.

आता मला सांगा, यातली कोणती गोष्ट तपासता येत नाही? वायरची जाडी दिसते. फ्यूज दिसतो. वजनकाटा खोटं बोलत नाही. गॅसचा कप्पा एका नजरेत कळतो. यातलं निम्मं तर आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे: घनता, विद्युतधारा, बाष्पाचं संघनन. मोटार वाहन निरीक्षकाला एक यादी हातात दिली तर दोन तासांत एक गाडी तपासून होईल.

आणि हे काही मी सुचवलेलं नवल नाही. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायचा एक कॅम्पिंग बॉक्स काढला. आठवडाभर धंद्याला चालणारी व्हॅन सुट्टीत घर व्हायची. आज तिथे कुणीही माणूस जुनी मालवाहू व्हॅन घेऊन स्वतः बदल करतो, मग मान्यताप्राप्त तपासनीस गाडी बघतो आणि कागदावर तिचा वर्ग बदलून 'राहती गाडी' होतो. ब्रिटनमध्येही मालक कागदपत्रं आणि फोटो पाठवून नोंद बदलून मागतो. झोपायची जागा, बसायला सीट आणि टेबल, स्वयंपाकाची सोय, सामानाचे कप्पे, या गोष्टी पक्क्या बसवलेल्या हव्यात, बाहेरूनही गाडी कॅम्पर दिसायला हवी, अशा अटी आहेत. कधी मागणी फेटाळली जाते आणि लोक कुरकुरतात. पण अर्ज करायला खिडकी आहे. आपल्याकडे खिडकीच नाही.

खिडकी नसल्याने काम थांबतं का? अजिबात नाही. ते लपून होतं. आडबाजूच्या गॅरेजमध्ये, बिलाशिवाय, कुणीही न तपासता. रस्त्यात अडवलं तर चिरीमिरी. अपघात झाला तर विमा कंपनी बदल दाखवून हात वर करते. ज्या बंदीचं कारण सुरक्षा सांगितलं जातं, तीच बंदी कामाला तपासणीपासून दूर ठेवते. ज्याला सुरक्षेची खरी काळजी आहे, त्याने तपासणी मागायला हवी.

या बंदीचा मार कुणावर बसतो, तेही बोलू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराच्या गॅरेज लाइनमध्ये चक्कर मारा. डेंटर, पेंटर, वेल्डर, वायरमन, सीटकव्हरवाला. पाट्या वाचा, नावं विचारा. या कामात आपली माणसं किती आहेत ते मोजायला सर्वेक्षण लागत नाही. मुस्लिम कामगारांमध्ये स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, हे २००६ च्या सच्चर अहवालानेही नोंदवलंय. हे लोक सरकारकडे नोकरी मागत नाहीत. ट्रकची अख्खी केबिन लाकडातून आणि पत्र्यातून उभी करणारे हात आपल्या मोहल्ल्यात आहेत. एका व्हॅनच्या घरात वेल्डर, सुतार, वायरमन, प्लंबर, गादीवाला, पेंटर अशा सहा जणांना काम मिळतं. कॅराव्हॅनचं धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पर्यटक होता, कंपनी होती. हे सहा जण नव्हते.

थोडं आपल्या लोकांनाही सुनावायचं आहे. मी हा विषय काढला की आपल्यातलेच सुशिक्षित म्हणतात, "सर, कौम कुठे चाललीय आणि तुम्ही कॅम्परचं काय घेऊन बसलात? आधी शिक्षण, आधी नोकऱ्या." वीस वर्षं मी शिक्षणाचंच काम करतोय, म्हणून विचारतो. मिस्त्रीच्या हातात जे आहे ते शिक्षण नाही का? आपण जलशात उभं राहून डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या मुलांना शाल घालतो. पत्र्यातून घर उभं करणाऱ्या मुलाला कधी मंचावर बोलावलंय? त्याच्याकडे गाडी दुरुस्तीला नेतो तेव्हा 'ए छोटू' म्हणतो. ज्या हुनराची आपण इज्जत करत नाही, त्याची इज्जत सरकारने करावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आणि हो, इन्स्टाग्रामवरची व्हॅनलाइफही मला भुरळ घालत नाही. डोंगराच्या कड्यावर मागचं दार उघडून कॉफी पिणारं जोडपं, त्यात घाम नाही, संडासाची टाकी रिकामी करणं नाही. अमेरिकेत तर भाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारी म्हातारी माणसं आहेत. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ च्या 'नोमॅडलँड' पुस्तकात त्यांचंच जगणं मांडलं. घर नाही म्हणून गाडीत राहावं लागणं ही लाचारी आहे, आणि तिचं कौतुक करणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्याकडे तमाशाचे फड वर्षानुवर्षं ट्रकमध्ये संसार घालून हिंडतात, ट्रक ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो. त्यांच्या झोपेचा, त्यांच्या संडासाचा विचार कोणत्या धोरणात आहे? हवेशीर, तपासलेली, कागद असलेली झोपायची जागा ही माझ्या अम्मीची गरज आहे तशी फडातल्या बाईचीही आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत.

एक. कलम ५२ खाली केंद्राने नियम करावेत. ठरावीक वजनापर्यंतच्या वापरलेल्या मालवाहू व्हॅनचं खासगी कॅम्परमध्ये रूपांतर करायला एकेका मालकाला परवानगी मिळावी. आधी नकाशा मंजूर, मग काम, मग तपासणी, मग आरसी बुकात बदल.

दोन. तपासणीची यादी मराठी, उर्दू, हिंदीत छापावी आणि गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल इतकी सोपी असावी.

तीन. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत, आधीपासून काम येणाऱ्याला चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती व्हॅनच्या या कामासाठी गॅरेजमधल्या मिस्त्रींना मिळावी. पुण्यात वाहन चाचणीच्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन नामांकित संस्था आहेत. त्यांनी जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये महिन्यातून दोन दिवस यावं.

चार. राज्याने आपल्या कॅराव्हॅन धोरणात या छोट्या कारागिरांचं नाव घालावं.

परिवहन खात्याला, आपल्या आमदार-खासदारांना यातलं एकेक पत्र लिहायला अर्धा तास लागतो. मी माझं लिहिलंय. मुशायऱ्याला, इज्तेमाला, निवडणुकीच्या सभेला आपण हजारोंनी जमतो. गॅरेज लाइनमधल्या दहा मिस्त्रींना घेऊन एकदा आरटीओच्या दारात अर्ज द्यायला दहा शिकलेली माणसं जमली, तरी पुरे आहे. त्या अर्जाचा मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे, मराठीत आणि उर्दूत.